पोर्चमधली चार भोकं

प्रिय ईशान आणि मीरा,

तुम्ही डिसेंबरात येणार म्हणून पोर्चची जमीन उखडून नवी फरशी घालावी, असं तुमच्या बाबांचं म्हणणं आहे. गेल्या आठवड्यात गवंडी माप घ्यायला आला होता. मधोमध बसून त्याने एका भोकात बोट घातलं आणि विचारलं, "बाई, ही चार भोकं कशाची? झोपाळा टांगला होता का इथं?"

झोपाळा जमिनीत कशाला टांगतील, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी त्याला चहा दिला आणि पुढच्या महिन्यात ये म्हणून सांगितलं. ती भोकं कुणाची हे तुम्हाला कुणीच सांगितलेलं नाही. ती बुजण्याआधी सांगून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे. मराठी वाचताना अडलात तर आईला विचारा.

भोकं रोहिणीची. पाथर्डीच्या पुढच्या एका गावची मुलगी, आपल्या मागच्या खोलीत राहून इंजिनिअर झाली. माझा जुना विद्यार्थी जाधव इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. तो एकदा म्हणाला, "बाई, हुशार पोरगी आहे, वसतिगृहात जागा नाही. तुमची खोली रिकामीच आहे." आजोबा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यांची गाडीही विकून टाकली होती. घरात माणसापेक्षा जागा जास्त झाली होती, म्हणून मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मी तिला बैठकीत खुर्ची दिली. ती बसली नाही. तिने खुर्चीचे समोरासमोरचे दोन कोपरे धरले, एक खाली दाबला, एक वर उचलला आणि कान देऊन ऐकलं.

"मॅडम, हिचा मागचा डावा पाय सैल हाय. तुमी हिच्यावर बसत जाऊ नका."

एवढं बोलून ती स्वतः त्याच खुर्चीवर बसली.

पुढे कळलं की ती कुठल्याही वस्तूवर भार टाकण्याआधी तिला पिळून बघते. खाट, शिडी, जिन्याचा कठडा, भाजीवाल्याची हातगाडी, काही सुटायचं नाही. भाजीवाला तिला लांबून बघूनच चाकाला दगड लावायचा. एकदा तुमच्या बाबांनी पाठवलेलं व्यायामाचं सायकलसारखं यंत्र आलं, तर खोकं उघडल्याबरोबर तिने ते हलवून पाहिलं आणि म्हणाली, "लई कडक हाय. असलं एका दमात मोडतं." ते अजून मोडलेलं नाही. पण मी त्यावर बसतही नाही, त्यामुळे तिचं चूक ठरलं असं म्हणता येत नाही.

वाकणं वाईट, असं आपण समजतो. ती तसं समजत नव्हती. "वाकू द्या की मॅडम. भार आला की सगळंच वाकतं. काढल्यावर परत येतं का, तेवढं बघायचं."

हे तिला पुस्तकाआधी बापाकडून कळलं होतं. तिचे आईवडील दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला सांगली-कऱ्हाडकडे जायचे आणि उन्हाळ्यातच गावी परतायचे. शाळेत घालेपर्यंत तिलाही बरोबर नेत. फडातून कारखान्यापर्यंत ऊस न्यायला बैलांची टायरगाडी असते. वडील ती गाडी काठोकाठ भरायचे आणि जुवापाशी उभे राहून लाकूड किती दबलं ते बघायचे. कारखान्यावर गाडी रिकामी झाली की तिथेच पुन्हा बघायचे, लाकूड पहिल्या जागी आलं का. आलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्या गाडीत ऊस भरायचा नाही, मुकादम कितीही ओरडो. ती पाच-सहा वर्षांची पोर वाड्यांच्या ढिगावर बसून हे रोज बघायची. वाडं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, बैलांना घालतात तो.

तिच्या कॉलेजातली मुलं एक शर्यतीची गाडी बनवत होती. एकच माणूस बसेल अशी, जमिनीला चिकटून पळणारी, चाकं उघडी. सगळ्या देशातली कॉलेजं अशा गाड्या घेऊन दक्षिणेत एका मैदानावर जमतात. नियम कडक असतात आणि सगळं मुलांनीच बनवायचं असतं. गाडीचा सांगाडा म्हणजे चासी. लोखंडी नळ्या कापून, एकमेकींना वेल्डिंगने जोडून केलेला पिंजराच म्हणा. इंजिन, चाकं, चालवणारा मुलगा, सगळं त्या पिंजऱ्याच्या जिवावर. आदल्या वर्षी यांची गाडी मैदानावर पहिल्याच वळणाला तिरकी झाली. एक जोड उकलला होता. मुलांनी ती ढकलत बाहेर आणली. तेव्हापासून प्राचार्यांनी ठरवलं होतं की चासीची चाचणी समाधानकारक झाली नाही, तर या वर्षी गाडी कॉलेजाच्या फाटकाबाहेर जाणार नाही. चासीचं काम त्या वर्षी रोहिणीकडे आलं.

कॉलेजची कार्यशाळा तेव्हा नव्या यंत्रांसाठी खणून ठेवली होती. चासी पिळून बघायची तर तिची मागची बाजू पक्क्या जमिनीला बोल्टांनी जखडावी लागते. रोहिणीने आपल्या पोर्चमध्ये टाच आपटून पाहिली. आजोबांनी गाडीसाठी तिथे जाड काँक्रीट घातलं होतं.

"मॅडम, चार भोकं पाडू का?"

"पाड," मी म्हटलं. "पण सरळ रेषेत पाड."

त्यावर ती पहिल्यांदा हसली. ड्रिल करायला तिने कुणाला हात लावू दिला नाही. ओळंबा आणि दोरी लावून खुणा केल्या. तुम्ही आलात की पट्टी ठेवून बघा.

तिच्याबरोबर यश नावाचा मुलगा असायचा. नगरच्या आपल्या सावेडीतलाच, डॉक्टरांचा. कंप्युटरवर चासीचं चित्र काढून कुठली नळी किती ताण सोसेल हे तो रंगांत दाखवायचा. निळं म्हणजे ठीक, लाल म्हणजे धोका. दोघांचं सतत वाजायचं.

"माझ्या मॉडेलमध्ये सगळं निळं आहे," तो म्हणायचा.

"तुझ्या मॉडेलमदी वेल्डिंग कोन करतं?"

"वेल्डिंग पक्कंच धरलंय."

"तू धरलंय. मी करते. माझा हात रोज सारखा चालत न्हाई, यश्या."

"मग हात सुधार की."

"सुधारते. तोवर तुझं निळं जरा फिकं कर."

त्यांचे अहवाल इंग्रजीत असत आणि ते तपासायचं काम माझ्याकडे आपोआप आलं. मी आपली 'असे आढळून आले' या थाटाची वाक्यं करून द्यायची. ती म्हणायची, "कुनाला आढळलं? मला आढळलं ना? मग तसं लिवा." सदतीस वर्षं शिकवलेलं इंग्रजी मी त्या पोरीसाठी बदललं, आणि खरं सांगायचं तर वाचायला ते बरं झालं.

आता चाचणीचं सांगते. चासीची मागची बाजू जमिनीला घट्ट. पुढची बाजू एका आडव्या तुळईवर आणि तुळई मधोमध टेकवलेली, मुलांच्या सी-सॉसारखी. तुळईच्या एका टोकाला वजनं चढवायची की चासी पुढून पिळली जाते, ओला टॉवेल पिळतो तशी. यशने तालमीतून लोखंडी चकत्या आणल्या होत्या. खाली जाणाऱ्या कोपऱ्याखाली घड्याळासारखं एक यंत्र ठेवायचं, त्याला मुलं डायल म्हणत. त्याची बारीक दांडी कोपऱ्याला टेकलेली असते. कोपरा केसभर हलला तरी दांडी आत जाते आणि काटा फिरतो. वजन काढलं की दांडी बाहेर आणि काटा शून्यावर.

चाचणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली. खंडेनवमीला मुलांनी पोर्चमध्येच हत्यारांची पूजा मांडली. पाटावर नट आवळायचे पाने, करवती, वेल्डिंगचा मुखवटा. रोहिणीने डायलही पाटावर ठेवलं.

"ते नाजूक आहे गं," जाधव म्हणाला.

"सर, मोजनाऱ्याची पूजा न्हाई तर मग कुनाची?"

पूजेचा मान यशला दिला, कारण त्याने वर्षभर एकही हत्यार हातात धरलं नव्हतं. त्याने ती कसर भरून काढली. हळद-कुंकू पाण्यात कालवून प्रत्येक वस्तूला सढळ हाताने लावलं, झेंडूच्या पाकळ्या उधळल्या, नारळाचं पाणी शिंपडलं. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही म्हणून सगळं पाटावर तसंच राहिलं. दसऱ्याला रोहिणी गावी जाऊन ऊसतोडीला निघालेल्या आईवडिलांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून आली.  दुसऱ्या दिवशी सकाळी केस घट्ट बांधून पोर्चमध्ये उभी होती.

एकेक चकती चढली. काटा हळूहळू फिरला. आकडे यशच्या कंप्युटरच्या अगदी जवळचे येत होते आणि तो वेड्यासारखा खूश होता. मग चकत्या उतरवल्या. काटा थोडा मागे आला आणि थांबला.

शून्यावर आला नाही.

 याचा अर्थ मलाही एव्हाना कळत होता. चासी पिळली होती आणि पिळलेलीच राहिली होती. अशी गाडी फाटकाबाहेर जात नाही. जाधव खांबाला टेकून उभा राहिला. "संपलं," तो म्हणाला. "मी प्राचार्यांना फोन करतो."

"थांबा सर," रोहिणी म्हणाली. "ओळंबा आना रे."

चासीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवरून तिने गवंड्याचा ओळंबा सोडला. चाचणीआधी जमिनीवर खडूने खुणा करून ठेवल्या होत्या, ओळंब्याची गोळी त्यांच्यावरच आली. चासी परत आली होती. आला नव्हता तो काटा.

तिने डायल उचललं आणि दांडी बोटाने दाबली. दांडी आत गेली आणि तिथेच रुसून बसली. तिने ती उजेडात धरली. दांडीच्या भोकाशी पिवळ्या-लाल रंगाचा सुकलेला थर होता.

"यश्या," ती म्हणाली, "देव पावला तुझा."

मग मात्र सगळे इतके हसले की शेजारच्या कुलकर्णीबाई कुंपणापाशी येऊन काय झालं म्हणून विचारून गेल्या. माझ्याकडचं स्पिरिट आणि कापूस घेऊन तिने दांडी पुसली. पुन्हा चकत्या चढल्या, पुन्हा उतरल्या. काटा मागे आला, शून्याच्या अगदी जवळ. एक रेघ राहिली.

"हळद," यश म्हणाला. "अजून थोडी असेल आत."

"हळदच असणार," जाधवलाही पटलं. "शून्य धरून चालू. ओळंब्यात तर काही दिसत नाही."

"ओळंब्यात एवढंसं दिसायचं न्हाई, सर."

मी तिच्याकडे बघत होते. सगळ्यांना हवं असलेलं कारण तयार होतं, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं, थोड्या वेळापूर्वी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने डायल कापसावर ठेवलं आणि यशला म्हणाली, "तुझ्या गाडीवर कॉलेजात जा, दुसरं डायल आन. पूजेला न बसलेलं."

यश गेला, आणि आला. पुन्हा चकत्या चढवून उतरवल्या, तर नव्या डायलचा काटाही एक रेघ अलीकडेच थांबला.

मग ती आत आली. "मॅडम, तुमच्याकडं पांढरे खडू असत्याल ना? आनि रॉकेल?" खडू माझ्याकडे खोकंभर होते, निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी गमतीने दिलेले. रॉकेल स्टोव्हच्या तळाशी थोडं होतं. ती एकेका जोडावर रॉकेल चोळायची, कोरडं पुसायची आणि वरून खडू फासायची. जोड सलग असला तर खडू पांढराच राहतो. बारीक चीर असली तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. दुपारभर ती चासीत शिरून, आडवी होऊन हेच करत होती. मी दोनदा जेवायला हाक मारली.

चालवणाऱ्याच्या पाठीमागच्या कमानीच्या पायाशी, आतल्या बाजूला, केसाएवढी काळी रेघ उमटली. रोहिणीने खडू पुसून पुन्हा फासला. रेघ पुन्हा उमटली.

"हा जोड कुणाचा?" जाधवने विचारलं.

"माझाच हाय सर."

"हा तडा कुणालाही दिसला नसता."

"मैदानावर दिसला असता. आत पोरगा बसल्यावर."

त्या दिवशीचा अहवाल तिने माझ्यासमोर बसून लिहिला. पूजा, हळद, राहिलेली रेघ, खडू, आणि तडा तिने स्वतः केलेल्या जोडात होता हेही. जाधवने वाचून डोकं धरलं. "अगं, दुरुस्त करू, पुन्हा चाचणी घेऊ आणि तिचाच अहवाल देऊ. हा कशाला?"

"सर, दोन्ही देऊ."

प्राचार्यांच्या खोलीत काय झालं ते जाधवनेच नंतर मला सांगितलं. प्राचार्यांनी कागद बाजूला सरकवला आणि म्हणाले, "तडा गेलेली चासी घेऊन मी तुम्हाला कसं जाऊ देऊ?" ती म्हणाली, "सर, तडा सापडला म्हनून जाऊ द्या. गेल्या साली सापडला नव्हता." प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. तो जोड कापून पुन्हा करा, म्हणाले, आणि चाचणी माझ्यासमोर घ्या.

जोड कापून काढताना तिने शेजारी एक तिरकी नळीही घातली. यशने कंप्युटरवर ती आधी घालून दाखवली होती. या वेळी भांडण झालं नाही. "तुझं निळं बरोबर सांगतंय," एवढंच ती म्हणाली, आणि तो दिवसभर त्यावर जगला.

दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर प्राचार्य आपल्या पोर्चमध्ये आले. मी त्यांच्यासाठी आजोबांची वेताची खुर्ची ठेवली. ते बसणार तोच रोहिणीने ती मागून ओढली, कोपरे धरून पिळली आणि "बसा सर" म्हणून परत ठेवली. मी मान खाली घातली. प्राचार्य जपून बसले.

चकत्या चढल्या. काटा फिरला. चकत्या उतरल्या. काटा मागे येत येत शून्यावर येऊन उभा राहिला. प्राचार्य उठून वाकले आणि डायलपाशी डोळे नेले. "टिचकी मारा," ते म्हणाले. तिने टिचकी मारली. काटा हलला नाही. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, चहा मिळेल का?" त्यावरूनच मुलांना कळलं.

गाडी दक्षिणेत गेली. बक्षीस मिळालं नाही. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत निम्म्याहून जास्त गाड्या मध्येच बंद पडल्या, त्यात आपली नव्हती. यशने तिथून फोन केला, "आजी, पूर्ण पळाली. शेवटपर्यंत." त्याच्या मागे कुणीतरी ढोल वाजवत होतं. रोहिणी फोनवर आली आणि म्हणाली, "मॅडम, पोरगा उतरल्यावर परत मोजली. शून्य हाय."

परतीच्या वाटेवर टेम्पो कऱ्हाडजवळ वळवून तिने गाडी आईवडिलांच्या तळावर नेली. उसाच्या पाचटाच्या कोप्या म्हणजे झोपड्या, समोर बैल, आणि मध्ये ती लाल गाडी, असं चित्रण तिने मला फोनवर दाखवलं. आई चासीवरून हात फिरवत म्हणत होती, "ह्याला छप्पर का न्हाई केलं गं? पोराला ऊन लागंल." कुणीतरी विचारलं, बैल कुठं जुंपायचा. वडील मात्र गाडीपाशी गेले. त्यांनी समोरच्या नळीवर पाय ठेवला, अंगाचा सगळा भार दिला आणि पाय काढला. वाकून बघितलं. मग लेकीकडे बघून मान डोलावली. व्हिडिओ तिथेच संपतो. मी तो पुष्कळदा पाहिला आहे.

पुढच्या उन्हाळ्यात तिला चाकणला नोकरी लागली, गाड्यांचे सांगाडे तपासण्याच्या कामावर. तेव्हा तिचे आईवडील गावी परतलेले होते. दोघं नगरला आले, आपल्याकडे जेवले. आईने माझ्यासाठी गावरान हरभरा आणला होता. वडिलांना मी बसायला त्याच पहिल्या खुर्चीवर सांगितलं, तिच्या मागच्या डाव्या पायात आता रोहिणीने ठोकलेली पाचर आहे.

तिला बसमध्ये बसवायला तारकपूर स्टँडवर मीही गेले होते. गर्दी बरीच होती. वडिलांनी तिची पेटी टपावर चढवायला दिली. ती पाया पडली आणि म्हणाली, "मॅडम, त्या सायकलीवर बसू नका हं." मग आत चढली. मी खिडक्यांतून तिला शोधत होते. मधल्या एका बाकापाशी ती दिसली. शेजारची बाई तिला जागा दाखवत होती. रोहिणीने पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरली, एकदा चांगली हलवली, मागे बघितलं, आणि मग बसली. गाडी निघाली तेव्हा ती त्या बाईला काहीतरी समजावून सांगत होती.

तिचा फोन येतो. आता ती इंग्रजीत अहवाल स्वतः लिहिते आणि मला फक्त वाचायला पाठवते. मी क्वचितच काही बदलते. यशही आता तिकडेच आहे. नवी गाडी दरवर्षी नवी मुलं करतात. कार्यशाळेची जमीन पूर्ण झाल्यामुळे ती आता इकडे येत नाहीत. पण जाधव सांगतो, चाचणीच्या कागदावर वजन चढवल्यानंतरच्या रकान्याशेजारी वजन काढल्यानंतरचा रकाना कायमचा आला आहे, आणि खंडेनवमीला डायलवर कोरडं फूल ठेवतात, हळद-कुंकू लावत नाहीत.

काल गवंड्याला फोन करून मी सांगितलं की फरशी घालायची नाही. जमीन आहे तशी राहील. तुमच्या बाबांना मीच कळवीन.

चारही भोकं आहेत. सरळ रेषेत आहेत. खडूच्या खुणा पुसल्या गेल्या, पण खडूंचं खोकं अर्धं शिल्लक आहे. ते बैठकीतल्या कपाटात, खालच्या फळीवर, डाव्या हाताला ठेवलं आहे.

तुमची,
आजी